औषध आणि घड्याळ : परिचर्येच्या पदव्युत्तर वर्गात प्रगत औषधशास्त्र

वर्धा शहराच्या एका अंगाला सेवाग्राम आणि दुसऱ्या अंगाला सावंगी (मेघे) अशी दोन मोठी शिक्षण-रुग्णालये वसली असून, हिंगणघाट, आर्वी, समुद्रपूर, देवळी या आसपासच्या गावांतूनच नव्हे, तर वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातूनही रुग्णांची रीघ तेथे अहोरात्र लागलेली असते. गांधीजींच्या हयातीतच कस्तुरबांच्या नावाने सुरू झालेल्या रुग्णालयाभोवती १९६९ साली, म्हणजे गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली; सावंगीस आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आले; आणि दोन्ही ठिकाणी वैद्यकाच्या जोडीने परिचर्येचे शिक्षणही रुजले. अशा संस्थांत पदव्युत्तर परिचर्येच्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकविण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्या अध्यापकांना उद्देशून हा लेख आहे. आणि त्यातली उदाहरणे याच मातीतली घेतली आहेत, कारण ज्या रुग्णापाशी विद्यार्थिनी रात्री उभी राहणार, त्याच्यापासूनच तिचे शिक्षण सुरू व्हावे असे मला वाटते.

भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी जो दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनरचा निवासी अभ्यासक्रम आखला, त्यात प्रगत औषधशास्त्राला स्वतंत्र विषयाचे स्थान मिळाले, आणि तेथे वर्गातल्या तासांपेक्षा रुग्णशय्येजवळच्या कामाचा वाटा कितीतरी मोठा ठेवला गेला. पदवीच्या नव्या अभ्यासक्रमातही औषधशास्त्राचे दोन भाग झाले असून दुसऱ्या भागात औषधलेखनाची मूलतत्त्वे आली आहेत. कागदावरची ही तरतूद उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र बहुधा असे घडते, की पदवीला जी यादी शिकविली तीच पदव्युत्तर वर्गात पुन्हा काढली जाते. फरक एवढाच, की पूर्वी जेथे दहा औषधे होती तेथे आता पंचवीस येतात, आणि वर्गीकरण, क्रिया, मात्रा, दुष्परिणाम, परिचारिकेची कर्तव्ये या पाच रकान्यांत ती ओळीने मांडून, झेरॉक्सच्या दुकानातून निघालेल्या नोट्सच्या आधारे परीक्षेपुरती पाठ केली जातात. या पाच रकान्यांतला शेवटचा रकाना तर सर्व औषधांना जवळजवळ सारखाच असतो: नाडी पाहावी, रक्तदाब पाहावा, ॲलर्जी विचारावी, नोंद करावी. प्रत्येक औषधाला लागू पडणारी सूचना कोणत्याच औषधाविषयी काही सांगत नाही, हे अध्यापकाने ओळखले तरी निम्मे काम झाले.

मग पदव्युत्तर परिचारिकेला औषधाविषयी निराळे काय कळले पाहिजे? माझे उत्तर असे, की तिला औषधाचा काळ कळला पाहिजे. डॉक्टर राऊंडला येतो, केसपेपरवर मात्रा लिहितो आणि पुढच्या रुग्णाकडे जातो. त्याचा औषधाशी संबंध एका क्षणाचा असतो. परिचारिका ते औषध देते आणि नंतरचे आठ-बारा तास त्या औषधाबरोबर घालविते. औषध केव्हा लागू पडेल, त्याचा जोर केव्हा शिगेला पोचेल, केव्हा ओसरेल, साचत तर चालले नाही ना, या प्रश्नांची उत्तरे रुग्णाच्या अंगावर उमटत असताना ती पाहणारी तेथे तीच असते. म्हणून प्रगत औषधशास्त्र म्हणजे अधिक औषधे नव्हेत. थोडीच औषधे, परंतु मिनिटामिनिटाने आणि दिवसादिवसाने. या एका सूत्राभोवती संपूर्ण सत्र बांधता येते.

अर्धायुकाल ही कल्पना पदवीला सर्वांनी पाठ केलेली असते. तिचा वॉर्डातला अर्थ मात्र क्वचितच कुणी उलगडून दाखविलेला असतो. नॉरॲड्रेनलिनचा रक्तातला अर्धायुकाल जेमतेम दोनेक मिनिटांचा, तर डिगॉक्सिनचा, मूत्रपिंडे धड असतानाही, दीड दिवसाच्या आसपास. या दोन आकड्यांतून केवढे व्यवहारज्ञान निघते पाहा. नॉरॲड्रेनलिनची सिरिंज संपून नवी भरून लावेपर्यंत पाच-सात मिनिटे गेली तर रुग्णाचा रक्तदाब कोसळलेला असतो. म्हणून जुनी सिरिंज संपण्यापूर्वीच दुसऱ्या पंपावर नवी चालू करून मग पहिली काढावयाची. उलट डिगॉक्सिनची मात्रा आज बदलली तर तिचा खरा परिणाम स्थिरावण्यास आठवडा लागतो, आणि उद्या सकाळी फरक दिसत नाही म्हणून अस्वस्थ होण्यात अर्थ नसतो. परंतु त्याच आठवड्यात रुग्णाची लघवी कमी झाली, तर न बदललेली मात्राही वाढल्यासारखी होते. नियम एक आहे: चार ते पाच अर्धायुकाल गेल्यावाचून औषधाची पातळी स्थिर होत नाही. तो फळ्यावर वक्ररेषा काढून शिकवावा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी आयसीयूत दोन पंपांसमोर उभे करून पुन्हा शिकवावा.

फेनिटॉइनसाठी मात्र हा नियम मोडतो, आणि तो कसा मोडतो हे समजावून सांगण्यात एक संपूर्ण तास खर्चला तरी तो वाया जात नाही. यकृतातील विकरांची फेनिटॉइन हाताळण्याची क्षमता मर्यादित असते. कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजार समितीत काट्यावर तासाला ठरावीक गाड्याच मोजल्या जातात आणि त्याहून एकही अधिक आली की रांग लांबत जाते, तसेच येथे घडते. तीनशे मिलिग्रॅमवर बरा असलेला रुग्ण चारशेवर नेला की त्याची पातळी एकतृतीयांशाने नव्हे, दुपटीनेही वाढू शकते. त्याचे डोळे एका बाजूस झटके देऊ लागतात, चाल डगमगते, आणि नातेवाईक म्हणतात की याला झोप येते आहे. झोप आणि विषबाधा यांतला हा भेद प्रथम रात्रपाळीच्या सिस्टरला दिसतो. जाता जाता हेही सांगून टाकावे, की शिरेतून देताना फेनिटॉइन मिनिटाला पन्नास मिलिग्रॅमहून वेगाने जाऊ नये, आणि ते नॉर्मल सलाईनमध्येच मिसळावे. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका बसतो. शक्य तर एका काचेच्या पेल्यात तो साका बसवून दाखवावा. वर्गात गढूळ झालेला तो पेला कोणत्याही नोटपेक्षा अधिक काळ लक्षात राहतो.

आता ज्या एका रुग्णावर मी अध्यापकांना सर्वांत अधिक वेळ द्यावयास सांगेन, तो म्हणजे कीटकनाशकाने विषबाधा झालेला शेतकरी. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले, ही गोष्ट विदर्भात कुणाला सांगावी लागत नाही. फवारणीच्या हंगामाबाहेरही, जाणूनबुजून प्राशन केलेल्या औषधाचे रुग्ण बारमाही येत राहतात. ऑर्गनोफॉस्फरस गटातील विष ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला निकामी करते, ॲसिटिलकोलिन साचत जाते, आणि रुग्ण घामाने, लाळेने, छातीतल्या स्रावाने अक्षरशः बुडू लागतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद, छातीत घुरघुर. इथवर पदवीची विद्यार्थिनीही सांगते. पुढचे शिकवावयाचे आहे ते असे.

ॲट्रोपिनची आरंभीची मात्रा, प्रौढाला, सुमारे १.८ ते ३ मिलिग्रॅम. पाच मिनिटांनी पाहावयाचे, लक्ष्य गाठले नसेल तर मात्रा दुप्पट, पुन्हा पाच मिनिटे, पुन्हा दुप्पट. लक्ष्य म्हणजे काय, हे फळ्यावर ठळक लिहावे: छाती स्वच्छ, नाडी ऐंशीच्या वर, वरचा रक्तदाब ऐंशीच्या वर, काख कोरडी, आणि बाहुल्या टाचणीसारख्या राहिलेल्या नाहीत. यांत छाती आणि काख यांना अग्रमान; बाहुल्या उशिरा उघडतात, आणि एकट्या नाडीवर विसंबणे धोक्याचे. आता हिशेब करू द्यावा. आपल्याकडचे ॲम्प्युल सामान्यतः एका मिलिलिटरात ०.६ मिलिग्रॅमचे. तीन मिलिग्रॅम म्हणजे पाच ॲम्प्युल. सहा म्हणजे दहा. बारा म्हणजे वीस. चोवीस म्हणजे चाळीस. पाच मिनिटांत चाळीस ॲम्प्युल फोडून, ओढून, देऊन, शिवाय काख तपासून नोंदही कोणी करावयाची? हा प्रश्न विचारून अध्यापकाने गप्प बसावे. विद्यार्थिनी आपसांत बोलू लागतील: एकीने फोडावे, एकीने ओढावे, एकीने फक्त रुग्ण पाहावा आणि वेळ लिहावी, मोठ्या व्हायल औषधभांडारात आहेत का ते ड्यूटीच्या आरंभीच पाहून ठेवावे. औषधशास्त्र आणि वॉर्डव्यवस्था यांच्यामधली जी भिंत पाठ्यपुस्तकांत दिसते, ती येथे आपोआप पडते.

समजा ३, ६ आणि १२ अशा तीन मात्रांनंतर छाती स्वच्छ झाली. एकूण २१ मिलिग्रॅम गेले. त्याच्या दहा ते वीस टक्के, म्हणजे ताशी साधारण दोन ते चार मिलिग्रॅम, संथ इन्फ्युजनने चालू ठेवावयाचे. येथपासून पुढचे दोन-तीन दिवस औषधाची सूत्रे व्यवहारतः परिचारिकेच्या हाती असतात, आणि चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. कमी पडले तर घुरघुर परत येते, विशेषतः चरबीत साठणाऱ्या विषांत, बारा तासांनी सारे ठीक वाटत असताना. अधिक झाले तर रुग्ण बरळतो, हवेतले काहीतरी वेचू लागतो, चादर ओढतो, पोटाचे आवाज थांबतात, लघवी तुंबते आणि अंग तापते. हे शेवटचे लक्षण वर्ध्यात मे महिन्यात फसवे होते. बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात, वॉर्डातला कूलर गरम हवा फेकणारा, आणि त्यात घाम बंद झालेला रुग्ण: ताप ॲट्रोपिनचा, उष्म्याचा की न्यूमोनियाचा? या प्रश्नाला पुस्तकी उत्तर नाही. पोटावर स्टेथोस्कोप ठेवणे, काख आणि जीभ पाहणे, तासातासाच्या नोंदी मागे जाऊन वाचणे, एवढेच आहे. पोट गप्प, ताप आणि भ्रम ही तिन्ही एकत्र आली तर संशय प्रथम ॲट्रोपिनवर घ्यावा, डॉक्टरांना बोलवावे आणि इन्फ्युजन थांबविण्याबद्दल किंवा उतरविण्याबद्दल स्पष्ट शब्दांत विचारावे.

आणि एक गोष्ट, जी ॲट्रोपिनने कधीच सुधारत नाही: स्नायूंची दुर्बलता. मस्करिनिक आणि निकोटिनिक ग्राहकांमधला भेद वर्षानुवर्षे रकान्यांत शिकविला जातो. तो येथे रुग्णाच्या मानेत दिसतो. विष घेतल्यावर साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान, छाती कोरडी आणि शुद्ध पूर्ण असतानाही, रुग्णाला उशीवरून डोके उचलता येईनासे होते, आणि त्यानंतर काही तासांत श्वासही अपुरा पडू लागतो. म्हणून प्रत्येक पाळीत रुग्णाला डोके उचलावयास सांगावे आणि किती वेळ उचलून धरले ते लिहावे. या साध्या तपासणीस कोणतेही यंत्र लागत नाही, आणि तिच्यामुळे व्हेंटिलेटरची तयारी धावपळीआधी होते.

याच रुग्णाच्या निमित्ताने पुरावा कसा वाचावा हेही शिकविता येते, आणि त्यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याची गरज नाही. प्रॅलिडॉक्झिम हे औषध निकामी झालेल्या विकराला पुन्हा कामास लावते असे मानले जाते. २००६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात बारामतीच्या डॉक्टरांनी दोनशे रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आरंभीची मात्रा सर्वांना सारखी, पण त्यानंतर अठ्ठेचाळीस तास एका गटाला ताशी एक ग्रॅम अखंड, तर दुसऱ्याला दर चार तासांनी एक ग्रॅम. अखंड गटाची अवस्था स्पष्टपणे चांगली राहिली. पुढे २००९ साली श्रीलंकेतला प्रयोग आला, ज्यात प्रॅलिडॉक्झिम विरुद्ध नुसते निष्क्रिय द्रव्य अशी तुलना होती, आणि त्यात औषध घेणाऱ्यांचा फायदा दिसला नाही. मृत्यूंचे प्रमाण उलट काहीसे अधिकच होते. विद्यार्थिनींना दोन्ही निबंध वाचावयास द्यावेत आणि 'खरे कोण' असे मुळीच विचारू नये. विचारावे ते असे: बारामतीत औषध न मिळालेला गट होता का? रुग्ण किती लवकर पोचले होते? कोणते विष होते, आणि अतिदक्षतेच्या सोयी कशा होत्या? दोन प्रयोगांनी दोन निराळे प्रश्न विचारले होते हे ज्या विद्यार्थिनीच्या ध्यानात येईल, तिला पुराव्याधिष्ठित परिचर्येवरचे पुढचे व्याख्यान न दिले तरी चालेल.

ग्राहकांचा विषय निघालाच आहे, तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे काम वर्गात आणल्यावाचून राहू नये. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने मुले फुप्फुसांत पाणी भरून मरत असत. विंचवाच्या विषाने ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात लोट येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हात-पाय गार पडतात आणि हृदयावर असह्य भार येतो, हे निरीक्षण करून त्यांनी रक्तदाबासाठी वापरात असलेले प्रॅझोसिन, म्हणजे अल्फा ग्राहक अडविणारे औषध, तोंडावाटे दिले. किलोमागे तीस मायक्रोग्रॅम, हात-पाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी. पुढे २०११ साली डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी प्रतिविष आणि प्रॅझोसिन एकत्र देण्यावरचा प्रयोग 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. शिकविण्याच्या दृष्टीने गंमत अशी, की विंचू चावलेला रुग्णही घामाघूम असतो, लाळही गळत असते, आणि आधीच्या तासाला ॲट्रोपिनने भारावलेली विद्यार्थिनी येथेही तेच मागू लागते. येथे ॲट्रोपिन अपायकारक. घाम तोच, यंत्रणा निराळी. हे दोन रुग्ण एकापाठोपाठ एक, मध्ये सुट्टी न देता शिकवावेत. आणि प्रॅझोसिन दिलेल्या मुलाला आडवेच ठेवावे, कुशीत घेऊन उठवू नये, हे आईला बजावून सांगणे हाही औषधशास्त्राचाच भाग आहे, कारण पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो.

गणिताविषयी मी थोडा कठोर आहे. भिंतीवर चिकटविलेले मात्रांचे तक्ते उपयोगी असतात, परंतु ज्याला हाताने हिशेब येत नाही त्याच्या हाती तक्ता सोपवू नये. चार मिलिग्रॅम नॉरॲड्रेनलिन पन्नास मिलिलिटरात घातले, तर एका मिलिलिटरात ऐंशी मायक्रोग्रॅम. बेचाळीस किलोच्या रुग्णाला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम हवे असल्यास ताशी २५२ मायक्रोग्रॅम, म्हणजे पंपावर ताशी ३.१५ मिलिलिटर. बेचाळीस किलो मी मुद्दाम घेतले, कारण आपल्या शेतमजूर बायांचे वजन पुस्तकातल्या सत्तर किलोच्या पुरुषाशी जुळत नाही, आणि रुग्णाचे वजन अंदाजाने लिहिण्याचा शिरस्ता मोडल्यावाचून कोणत्याही हिशेबाला अर्थ येत नाही. इन्सुलिनच्या सिरिंजचाही एक धडा घ्यावाच. आपल्याकडे व्हायल बहुधा मिलिलिटरमागे चाळीस युनिटांची, तर पेनचे काडतूस शंभराचे. लाल टोपणाची सिरिंज चाळीसची, केशरी टोपणाची शंभरची. शंभराचे इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाच्या अंगात वीस नव्हे, पन्नास युनिटे जातात. दोन्ही सिरिंजा टेबलावर ठेवाव्यात, साधे पाणी द्यावे आणि प्रत्येकीकडून ओढून घ्यावे.

रुग्णालयाबाहेरचे औषधशास्त्र पदव्युत्तर वर्गात फारसे शिकविले जात नाही, हे मला चमत्कारिक वाटते, कारण विदर्भात सिकलसेलचे रुग्ण घरोघरी आहेत आणि त्यांचे खरे उपचार घरीच चालतात. हायड्रॉक्सियुरिया गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते. परंतु ते वाढण्यास महिने लागतात. ही गोष्ट सांगितली नाही, तर दुसऱ्याच आठवड्यात देवळीकडची एखादी आई म्हणणार, 'गोया देल्ल्या, पन दुखनं काही कमी नाही झालं, मॅडम,' आणि औषध बंद करणार. पेशींची गणती आरंभी दर दोन ते चार आठवड्यांनी करावी लागते, गरोदरपणात औषध चालत नाही, आणि किलोमागे दहा मिलिग्रॅमप्रमाणे अठरा किलोच्या मुलास १८० मिलिग्रॅम बसत असता हाती ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल असते. आता काय करावे, हा प्रश्न विद्यार्थिनींना औषधनिर्मात्याकडे आणि बालरोगतज्ज्ञाकडे घेऊन जातो, आणि तसा तो न्यावाच. सेवाग्रामच्या रुग्णालयाने स्वस्त जेनेरिक औषधे रुग्णांपर्यंत पोचविण्याचा जो प्रयत्न चालविला आहे, त्याचाही येथे उपयोग आहे. एकाच औषधाच्या दोन नावांच्या किमती विद्यार्थिनीला ठाऊक असल्या, तर महिनाअखेरीस गोळ्या का थांबल्या याचे कारण ती चटकन ओळखते. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीच्या २०२२ च्या आवृत्तीत ३८४ औषधे आहेत. सत्रासाठी औषधे निवडताना ती यादी समोर ठेवावी, औषधकंपन्यांची दिनदर्शिका नव्हे. आणि ज्या घरी फ्रीज नाही तेथे उन्हाळ्यात इन्सुलिन कोठे ठेवावे, हे विचारल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठाचे उत्तर ज्या मुलीकडून येते, तिला पूर्ण गुण द्यावेत.

अधिकारांची मर्यादा मात्र निःसंदिग्ध शब्दांत सांगितली पाहिजे. औषध लिहून देण्याची स्वतंत्र आणि सरसकट मुखत्यारी परिचारिकेला देणारा कायदा आपल्या देशात आज नाही. नर्स प्रॅक्टिशनरचे काम संस्थेने मंजूर केलेल्या लेखी कार्यपद्धतीच्या आणि स्थायी आदेशांच्या चौकटीतच चालते. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा २०२३ साली संमत झाला, पण त्याने रुग्णशय्येजवळचा हा प्रश्न एका फटक्यात सुटत नाही. तेव्हा विद्यार्थिनीस आपल्या संस्थेचे स्थायी आदेश प्रत्यक्ष दप्तरातून काढून वाचावयास लावावे: ॲट्रोपिन दुप्पट करण्याची मुभा लेखी आहे की केवळ वहिवाट आहे? फोनवरून मिळालेला हुकूम लिहून, वाचून दाखवून, पुष्टी घेऊन, किती मुदतीत सहीसाठी ठेवावयाचा? जेथे असे आदेशच नाहीत, तेथे त्यांचा मसुदा तयार करणे हा सत्रातला उत्तम प्रकल्प होय. औषधाच्या दुष्परिणामाचा अर्ज परिचारिकाही भरू शकते, हे बहुतेकींना ठाऊक नसते. देशाचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, आणि सत्रात प्रत्येकीने निदान एक खरा अर्ज भरून द्यावा असा दंडक घालावा.

परीक्षेत काय विचारावे यावर सगळे अवलंबून आहे, कारण विद्यार्थी परीक्षेकडे पाहूनच वाचतात. 'मॅग्नेशियम सल्फेटच्या क्रिया व दुष्परिणाम लिहा' असा प्रश्न आला, की उत्तरही पाच रकान्यांचेच येणार. त्याऐवजी झटके येऊन दाखल झालेल्या गरोदर स्त्रीचा आठ तासांचा तक्ता छापावा: श्वास, गुडघ्याचा झटका, लघवीचे माप, आणि विचारावे, की चार तासांनी द्यावयाची पुढची मात्रा तुम्ही द्याल की रोखाल, आणि का? लघवी ताशी तीस मिलिलिटरच्या खाली गेली, गुडघा हलेनासा झाला, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली आले, यांपैकी तुम्हाला प्रथम काय दिसले असते? कॅल्शियम ग्लुकोनेट कोठे ठेवलेले आहे? शेवटचा प्रश्न तोंडी परीक्षेत वॉर्डातच विचारावा आणि विद्यार्थिनीला तेथवर चालत जाऊन दाखवू द्यावे. असे प्रश्न काढण्यास परीक्षकाला मेहनत पडते, आणि तपासण्यास त्याहून अधिक; तरीही ते काढावेत.

राहिला प्रश्न शिकवावे कोणी याचा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागातील प्राध्यापकांनी यंत्रणा शिकवावी, परिचर्येच्या अध्यापकांनी निरीक्षण आणि निर्णय, आणि अतिदक्षता विभागाच्या इन्चार्ज सिस्टरने, जिने हजार रात्री पंपांसमोर काढल्या आहेत, औषधाचा प्रत्यक्ष कल कसा ओळखावा ते. तिघांनी एकाच रुग्णावर, एकाच तासाला एकत्र बसावे. तीन निरनिराळी व्याख्याने नकोत. इन्चार्ज सिस्टरच्या या तासांची नोंद महाविद्यालयाच्या वेळापत्रकात तिच्या नावाने व्हावी, आणि त्या वेळेपुरती तिला वॉर्डच्या ड्यूटीतून मोकळीक मिळावी, असा लेखी हुकूम सत्राच्या आरंभीच काढून घ्यावा. मागाहून तो निघत नाही.